टू गो म्हणजे जाणे नव्हे

आमच्या शिरूर तालुक्यात रेल्वे नाही. रेल्वे बघायची तर दौंड. माझी आत्या तिथे रेल्वे क्वार्टरमध्ये राहायची आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही न्हावऱ्याहून एसटीने तिच्याकडे जायचो. संध्याकाळी आतेभाऊ मला स्टेशनवर न्यायचा. तो गाड्या बघायचा, मी पाट्या वाचायचो. एका पाटीवर वर मराठीत लिहिलेलं होतं, तिकिटाशिवाय प्रवास करणे हा गुन्हा आहे. खाली तेच इंग्रजीत, आणि सुरुवातीचा शब्द होता ‘ट्रॅव्हलिंग’.

मी आतेभावाला म्हणालो, “दादा, हे चुकलंय. प्रवास करणे म्हणजे टू ट्रॅव्हल. ट्रॅव्हलिंग म्हणजे प्रवास करत आहे.”

तो म्हणाला, “रेल्वे लेट होते, चुकत नाही.”

माझ्या वहीत तर स्वच्छ लिहिलेलं होतं. टू गो – जाणे. टू ईट – खाणे. टू स्लीप – झोपणे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या कुणाच्याही वहीत हेच असणार. दोन उभे रकाने, मधे रेघ. ती रेघ म्हणजे गणितातलं बरोबरचं चिन्हच, असं आम्ही धरून चाललो होतो. या लेखात मला त्या रेघेबद्दल बोलायचंय. माझं म्हणणं असं, की तिथे चुकीची जोडी लावली गेली आहे. मराठी माध्यमातून आलेली पोरं पुढे वीस वर्षं ‘टू’ लावू की ‘आयएनजी’ लावू या प्रश्नावर अडखळतात, त्याचं निम्मं कारण त्या रकान्यात आहे. आणि वर त्यांना सांगितलं जातं की दोष तुमच्या मराठीचा आहे.

माझ्यावर ही वेळ नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आली. शनिवारची रात्र होती. एका परदेशी क्लायंटच्या डेटाबेसमध्ये आम्ही मोठा बदल करत होतो आणि दोनच्या सुमारास तो बदल मधेच फसला. चॅटवर क्लायंटच्या मॅनेजरने एकच शब्द टाकला, बॅकअप? बॅकअप मी संध्याकाळी स्वतः घेतला होता. मी घाईत टाइप केलं, “आय रिमेंबर टू टेक द बॅकअप.” त्याने वाचलं ते असं, की बॅकअप घ्यायचं या पोराच्या लक्षात आहे, म्हणजे अजून घेतलेला नाही. त्याने सगळं काम थांबवलं आणि अर्धवट मोडलेल्या डेटाचाच नवा बॅकअप घ्यायला लावला. शेवटी फोनवर उलगडा झाला, तोवर चाळीस मिनिटं गेली होती. लिहायला हवं होतं “आय रिमेंबर टेकिंग”. त्या वर्षीच्या मूल्यमापनात माझ्या नावापुढे ‘संवादकौशल्य सुधारण्याची गरज’ असं आलं, आणि एका सीनियरने आपुलकीने सल्ला दिला, “मराठीत विचार करणं बंद कर.”

सल्ला मी बरेच दिवस मानला. मग एकदा सहज तेच वाक्य मराठीत म्हणून पाहिलं.

बॅकअप घेतल्याचं मला आठवतंय.
बॅकअप घ्यायचं माझ्या लक्षात आहे.

या दोन वाक्यांत गोंधळ करणारा मराठी माणूस मला दाखवा. पाच वर्षांचं पोरगंसुद्धा करणार नाही. ‘घेतल्याचं’ म्हणजे झालेलं, ‘घ्यायचं’ म्हणजे व्हायचं. इंग्रजीने हाच फरक ‘टेकिंग’ आणि ‘टू टेक’ असा केला आहे. त्या रात्री मी खरोखर मराठीत विचार केला असता तर वाचलो असतो. मी विचार केला तो वहीतल्या रकान्यात. आठवणे – रिमेंबर, घेणे – टू टेक, लाव जोडी.

एकदा हे दिसलं की सगळीकडे दिसायला लागतं. ‘स्टॉप’ हे क्रियापद घ्या, व्याकरणाच्या पुस्तकांचा तो लाडका सापळा आहे. मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीचं तोंड दौंडला उलट्या दिशेला असतं. म्हणून गाडी तिथे इंजिन फिरवायला थांबायची, एका टोकाचं काढायचं आणि दुसऱ्या टोकाला लावायचं. ‘द ट्रेन स्टॉप्ड टू चेंज द एंजिन’. पुढे कॉर्ड लाइन झाली आणि काही गाड्या दौंड जंक्शनला न शिरता परस्पर जाऊ लागल्या. आता इंग्रजीत म्हणायचं तर ‘द ट्रेन स्टॉप्ड स्टॉपिंग ॲट दौंड’. इंग्रजी शिकणाऱ्याला हे वाक्य कोडं वाटतं, पण मराठीत त्यात कोडं कसलं? गाडी फिरवायला थांबली. गाडीने थांबणं बंद केलं. -आयला तिथे टू, -णं तिथे आयएनजी. दौंडच्या फलाटावरचा वडेवालासुद्धा हा फरक रोज करतो, आणि तसा त्याच्या धंद्याशी या फरकाचा थेट संबंध आहे.

कँपस प्लेसमेंटमध्ये ज्यांना नकाराच्या मेल आल्या आहेत त्यांना ‘वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू’ पाठ असेल. कळवायला वाईट वाटतं. हेच कुणी ‘वी रिग्रेट इन्फॉर्मिंग यू’ लिहिलं तर अर्थ होतो, तुम्हाला कळवल्याचं आम्हाला वाईट वाटतंय, उगाच कळवलं. कळवायला, कळवल्याचं. दार लावायला विसरलो, ‘फर्गॉट टू लॉक’. दार लावल्याचं विसरलो, ‘फर्गॉट लॉकिंग’. आणि माझं सगळ्यात आवडतं म्हणजे ‘ट्राय’. खिडकी उघडायचा प्रयत्न केला, म्हणजे घट्ट बसली होती, जोर लावला, ‘ट्राइड टू ओपन’. खिडकी उघडून पाहिली, म्हणजे उघडली, पण त्याने उकाडा कमी होतो का ते पाहायचं होतं, ‘ट्राइड ओपनिंग’. इंग्रजी शिकवणाऱ्यांना हा फरक सांगायला दहा-बारा ओळी लागतात. मराठीत ‘-ऊन पाहणे’ एवढं म्हटलं की झालं. आम्ही तर दिवसभर हेच करतो, सर्व्हर रीस्टार्ट करून पाहिला का?

मग इतकी नेमकी भाषा हाताशी असताना रकान्यात ‘टू गो – जाणे’ आलं कुठून?

माझा अंदाज असा. शब्दकोशात क्रियापद कोणत्या तरी एका रूपात मांडावं लागतं. मोल्सवर्थच्या १८३१च्या कोशापासून मराठी क्रियापदं ‘-णें’ या रूपात मांडलेली आहेत, करणें, जाणें, खाणें. इंग्रजी बाजूला क्रियापदाचं नाव घ्यायचं तर ‘टू’ लावून घ्यायची रीत. म्हणजे दोन्ही बाजूंना होती ती क्रियापदाच्या नावाची पाटी. दारावरची पाटी म्हणजे माणूस नव्हे, पण शाळेच्या वहीत पाटीलाच माणूस समजलं गेलं. त्याच काळात आपलं व्याकरणही इंग्रजी साच्यात बसवलं जात होतं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६चं, आणि त्यांच्यासमोर नमुना लिंडली मरे या इंग्रजी व्याकरणकाराचा होता. दादोबांना मी नावं ठेवत नाही. रिकाम्या मैदानात पहिली आखणी करणाऱ्याला नमुना लागतोच. तक्रार आहे ती नंतरच्यांबद्दल, ज्यांनी ती रेघ पुसून पुन्हा पाहिली नाही.

आजोबांच्या पिढीला तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने इंग्रजी शिकवलं. आज तिची थट्टा होते, वाक्यं फार विनोदी वाटतात. पण नाव बघा, भाषांतर पाठमाला. अख्खं वाक्य इकडून तिकडे आणि तिकडून इकडे न्यायची ती तालीम. अख्खं वाक्य नेताना ‘जायला’ आणि ‘जाणं’ यांतला फरक निदान समोर तरी येतो. सुट्या शब्दांच्या यादीत तो येतच नाही.

मग आलं रेन आणि मार्टिन. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर ज्याला ‘इंग्रजी सुधारायचं’ असायचं त्याच्या उशाशी हे जाड पुस्तक असायचं, बहुतेकदा पहिली चाळीस पानं मळलेली आणि पुढची कोरी. १९३०च्या दशकातलं हे पुस्तक आजही विकलं जातं. यातला रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ ही फ्रेंच परदेशी पलटणीची कादंबरी लिहिणारा पी. सी. रेन, हे मला फार उशिरा कळलं. तो भारतात शिक्षण खात्यात नोकरीला होता. कादंबरीत साहस आहे म्हणतात, व्याकरणात मात्र त्याने या बाबतीत अंग काढून घेतलं आहे. त्याचं म्हणणं असं, की जेरंड आणि इन्फिनिटिव्ह दोघांतही नामाचा आणि क्रियापदाचा गुण आहे, म्हणून दोघांचे उपयोग सारखेच आणि पुष्कळ वाक्यांत कोणतंही एक चालतं. उदाहरणं आहेत ती पोहायला शिकव, पोहणं शिकव अशा जोड्यांची. चुकीचं काही नाही. पण जिथे फरक पडत नाही ती वाक्यं निवडायची आणि जिथे फरकाने माणूस रात्री दोन वाजता उघडा पडतो ती सोडायची, हे शिकवणं नव्हे. शिवाय शिकणाऱ्याच्या डोक्यात पक्कं बसतं की दोन्ही एकच. मग जे तोंडात आधी येईल ते, आणि रकान्यामुळे आधी येतो तो ‘टू’.

रेमंड मर्फीचं ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ १९८५चं. ते या बाबतीत खूपच बरं आहे. स्टॉप, रिमेंबर, ट्राय यांच्या जोड्या तिथे नीट उलगडल्या आहेत आणि मी स्वतः त्यावरूनच सावरलो. पण ते पुस्तक जगातल्या सगळ्यांसाठी आहे. जपानी, ब्राझिलियन, न्हावरेकर, सगळ्यांना एकच पान. ते वाचणाऱ्याच्या मातृभाषेत शिरू शकत नाही. ते काम मराठीत लिहिणाऱ्यांचं होतं. मराठीतली बहुतेक ‘झटपट इंग्रजी’ पुस्तकं मी चाळली आहेत, आता त्यांची जागा घेणारे व्हिडिओही पाहिले आहेत. बहुतेक ठिकाणी एक यादी असते, या क्रियापदांपुढे आयएनजी, या क्रियापदांपुढे टू, पाठ करा. मराठी असते ती फक्त सूचना देण्यापुरती. आणि शेवटी तेच, मराठीत विचार करू नका.

आता ‘-आयला’कडे जरा जवळून बघू, कारण खरी गंमत तिथे आहे.

‘जायला’ फोडलं तर शेवटी उरतो ‘ला’. पुण्याला, आत्याला, जायला. ‘ला’ म्हणजे ‘कडे’. इंग्रजी ‘टू’ मुळात हेच आहे, ‘टू पुणे’मधला टू. जुन्या इंग्रजीत क्रियापदाचं एक नामासारखं रूप होतं, त्याला विभक्ती लावून आधी ‘टू’ ठेवायचे. म्हणजे ‘टू गो’ची बांधणी शब्दशः ‘जायला’ची आहे, फक्त आपला ‘ला’ मागे आणि त्यांचा पुढे. हिब्रूतही क्रियेच्या रूपाआधी ‘ल’ जोडतात आणि त्या ‘ल’चा अर्थही ‘कडे’, ‘ला’.

हिब्रू मधेच कुठून आली असं वाटेल. पुण्याहून लोकलने दौंडला जाताना वाटेत केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाई राहायच्या. संस्कृतात वाढलेली ही बाई, इंग्रजीत पुस्तक लिहिलं १८८७ साली, आणि नंतर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. तिथल्याच बायकांनी ते छापलं. रमाबाई १९२२ साली गेल्या, पूर्ण भाषांतर १९२४ साली बाहेर आलं. धर्म बाजूला ठेवा. मला त्या कामात दिसतं ते असं, की चार-पाच भाषा येणाऱ्या बाईने आमच्या तालुक्याला लागून बसून मराठीला टाकून नव्हे, मराठी हातात धरून दुसऱ्या भाषांत शिरायचं ठरवलं. तिला कुणी ‘मराठीत विचार करू नकोस’ म्हटलं असतं तर काय उत्तर मिळालं असतं, याची मी लोकलमध्ये बसून कल्पना करत असतो.

‘-आयला’ची आणखी एक बाजू आहे. जुन्या लिखाणात, सरकारी पत्रांत आजही, ‘करावयास’, ‘करावयाचे’ असं दिसतं. करायला, करायचं ही त्यांचीच झिजलेली रूपं. म्हणजे ‘करायला’च्या पोटात ‘करावं’ आहे. जावं, करावं, जगावं. अजून न केलेलं, करू की नको असं. हॅम्लेटच्या त्या सुप्रसिद्ध स्वगताच्या तोंडी दोन इन्फिनिटिव्ह आहेत. शिरवाडकरांनी १९७०च्या ‘नटसम्राट’मध्ये तो प्रश्न मराठीत उभा केला तेव्हा ‘-णं’ घेतलं नाही, ‘-आवं’ घेतलं. ‘-णं’ घेऊन म्हणून बघा, प्रश्न मरून जातो. निबंधाचा विषय होतो. वहीतल्या रकान्याप्रमाणे मात्र ‘-णे’च बरोबर आलं असतं.

भाषाशास्त्रज्ञांना हे माहीत नाही असं नाही. ड्वाइट बोलिंजर या अमेरिकन अभ्यासकाने १९६८ मध्येच मांडलं होतं, की इंग्रजीत ‘टू’ची बाजू शक्यतेची, अजून न घडलेल्याची, आणि ‘आयएनजी’ची बाजू घडलेल्या, वस्तूसारख्या ठोस गोष्टीची. माझ्यासारख्याच्या भाषेत सांगायचं तर ‘टू’ म्हणजे अजून न चालवलेलं फंक्शन आणि ‘आयएनजी’ म्हणजे त्याचं हातात आलेलं उत्तर. उपमा शंभर टक्के बसत नाही, पण ‘घ्यायचं’ आणि ‘घेतल्याचं’ यांवर बसते.

हे सगळं डोक्यात असताना आमच्या टीममध्ये एक रशियन बोलणारा इंजिनिअर आला, कझाकस्तानातून काम करणारा. पहिल्याच आठवड्यात त्याने लिहिलं, “आय सजेस्ट टू रीस्टार्ट.” मला एकदम आपला माणूस भेटल्यासारखं वाटलं. त्याच आठवड्यात मी कुणाला तरी ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ लिहिलं होतं. दोघांच्या चुका सख्ख्या बहिणी. पण बोलल्यावर कळलं की आई वेगळी आहे.

रशियनमध्ये क्रियापदाचं मूळ रूप एकच, बहुधा ‘त’च्या मऊ उच्चाराने संपणारं, आणि ते सगळीकडे चालतं. जायला, जाणं, जायचं, तिन्हींना तेच. धूम्रपान सोडलं म्हणजे ‘पेरेस्ताल कुरीत’, सिगारेट ओढायला थांबला म्हणजे ‘अस्तानवील्स्या पकुरीत’. ‘थांबणे’साठी क्रियापद वेगळं आहे, पण पुढचं रूप दोन्हीकडे मूळच. फरक आहे तो आत. ‘कुरीत’ म्हणजे ओढत राहण्याची क्रिया, ‘पकुरीत’ म्हणजे एकदा, थोडी ओढून घेणं. सुरू करणं, बंद करणं, चालू ठेवणं या क्रियापदांपुढे रशियनला पहिल्याच प्रकारचं रूप लागतं. त्यामुळे त्याने स्वतःपुरता नियम केला होता की क्रिया चालू असल्यासारखी वाटली तर आयएनजी. ‘स्टॉप’ला तो नियम बरोबर उत्तर देतो, ‘सजेस्ट’ला फसवतो. नामासारखं रूप रशियनमध्येही आहे, पण ते त्याला सरकारी परिपत्रकासारखं वाटतं. बोलताना कोण म्हणतं, असं तो म्हणाला. मी त्याला सांगितलं की आमच्याकडे ‘जाणं’ चहाच्या टपरीवरही म्हणतात. तो म्हणाला, मग तुला हे अवघड का जातं? उत्तर द्यायला मला वही दाखवावी लागली असती.

इथवर सगळं मराठीच्या बाजूने गेलं. आता अडचणी, आणि त्या मी नाही, माझ्या आठवीतल्या भाचीने काढल्या.

दिवाळीत ती शिरूरच्या घरी यादी पाठ करत बसली होती, झोके घेत, एन्जॉय अव्हॉइड फिनिश, एन्जॉय अव्हॉइड फिनिश. मी मोठ्या उत्साहाने तिला माझा शोध सांगितला. -आयला तिथे टू, -णं तिथे आयएनजी, यादी फेकून दे. तिने दोन मिनिटं विचार केला.

“मामा, खेळायला मजा येते. मग एन्जॉय टू प्ले का नाही?”

मी म्हणालो, कारण मराठीत मजा ‘येते’, आपण ती ‘एन्जॉय’ करत नाही.

“मग खेळायला आवडतं? लाइक टू प्ले पण चालतं आणि लाइक प्लेइंग पण चालतं असं बाईंनी सांगितलंय.”

या ‘-आयला’मध्ये ‘कडे’ नाहीच, हे मला तेव्हा तिच्यामुळे लक्षात आलं. ‘चहा प्यायला थांबलो’ यात चहा पुढे आहे, आपण त्याच्याकडे चाललोय. ‘खेळायला मजा येते’ यात आपण आधीच मैदानात आहोत. तिथे ‘खेळताना मजा येते’ म्हणता येतं, ‘खेळायला आवडतं’च्या जागी ‘खेळणं आवडतं’ म्हणता येतं. ‘प्यायला थांबलो’च्या जागी ‘पिताना थांबलो’ म्हटलं तर अर्थच फिरतो. मग आम्ही दोघांनी मिळून नियम दुरुस्त केला. -आयलाच्या जागी -ताना किंवा -णं ठेवून बघायचं. अर्थ तोच राहिला तर आयएनजी लावायला घाबरू नको, अर्थ बिघडला तर टू.

ती तेवढ्यावर थांबली नाही. “त्याने मला थांबायला लावलं?” ‘ही मेड मी टू वेट’ असं ती लिहिणार होती, आणि मी हे कित्येक मेलमध्ये लिहिलेलं आहे. इंग्रजीत ‘मेड मी वेट’, टू नाही. इथे मराठी सरळ फसवते. जवळच ‘जाऊ दे’ आणि ‘जाऊ शकतो’ आहेत. तिथे मराठीतही ‘ला’ नाही आणि इंग्रजीतही ‘टू’ नाही, ‘लेट हिम गो’, ‘कॅन गो’. फक्त ‘लावणे’ने पंगत मोडली आहे.

सगळ्यात निसरडं रूप ‘-आयचं’. जायचं ठरवलं, ‘डिसाइडेड टू गो’. जायचं टाळलं, ‘अव्हॉइडेड गोइंग’. जायचं सुचवलं, ‘सजेस्टेड गोइंग’. मराठी रूप तिन्हीकडे एकच, आणि इथे बोलिंजरही मदत करत नाही, कारण सुचवलेली गोष्ट अजून घडलेली नसते, तरी इंग्रजी तिला आयएनजी लावते. इथे इंग्रजी हट्टी आहे, बस. सजेस्ट, अव्हॉइड, फिनिश, रिस्क, कन्सिडर, पोस्टपोन, हे पाठच करावे लागतात. म्हणजे यादी लागतेच. पण चाळीस शब्दांची नाही, दहा-बारांची.

त्याच ‘-आयचं’च्या घरात एक दागिनाही आहे. ‘यूज्ड टू’ने छळलं नाही असा विद्यार्थी मला माहीत नाही. मी पाचला उठायचो, ‘आय यूज्ड टू वेक अप’. मला पाचला उठायची सवय आहे, ‘आय ॲम यूज्ड टू वेकिंग अप’. मराठीत एकीकडे क्रियापद आहे, दुसरीकडे सवय हे नाम. इंग्रजीतलं दुसरं ‘टू’ खरंखुरं ‘ला’ आहे, उन्हाला सरावलो तसं उठण्याला सरावलो, म्हणून त्याच्यापुढे नाम लागतं आणि नाम म्हणजे ‘वेकिंग’. ‘लुकिंग फॉरवर्ड टू’चंही तेच. भेटीची वाट पाहतोय, भेटण्याची वाट पाहतोय. ‘भेटायला वाट पाहतोय’ असं आपण म्हणतो का? नाही. मग ‘टू मीट’ लिहिलं कुणी? मी.

नियमाला नावं ठेवणं सोपं आणि शिकवणं अवघड, हे मी त्या दिवाळीत दोन तासांत शिकलो. एका वर्गात साठ मुलं, तासाला पस्तीस मिनिटं, परीक्षेत रिकाम्या जागा भरा, अशा वेळी बाई यादी देणार नाहीत तर काय देतील? त्यांच्याकडे दुसरं पुस्तकच नाही. मराठी क्रियापदांची रूपं हाताशी धरून इंग्रजीचं हे प्रकरण उलगडणारं शंभर पानी पुस्तक कुणीतरी लिहायला हवं, असं मी दोन-तीन शिक्षकांना म्हणालो. त्यांनी मलाच लिहायला सांगितलं. मी विषय बदलला.

भाचीने मात्र शब्दार्थांच्या वहीत एक उद्योग केला. रेघेच्या डावीकडे दोन शब्द, उजवीकडे दोन शब्द. गोइंग – जाणं. टू गो – जायला. पानभर तसंच, ईटिंग – खाणं, टू ईट – खायला. वही तपासून आली तेव्हा तिने मला फोटो पाठवला. बाईंनी पानाच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेनने एक मोठं प्रश्नचिन्ह काढलं आहे. खोडलेलं काही नाही.